निरोगी गट

"मॅडम, हा एक काढून टाकूया का?" सुकन्यानं विचारलं आणि मी तिच्या खांद्यावरून पडद्याकडं पाहिलं. हे ती नेहमीच विचारते. माझ्याकडं पीएच.डी. करते, पोरगी गुणी आहे, पण आलेखात एखादी रेघ वाकडी दिसली की तिचा जीव कासावीस होतो. मग मी करवादते, की बाई गं, आपल्याला आवडला नाही म्हणून नमुना फेकायचा नसतो, आपण तांदूळ निवडायला बसलोय का. त्या दिवशी मी करवादले नाही. पडद्यावर काय आहे ते मला कळलं होतं आणि कुणाचं आहे तेही कळलं होतं, कारण ती नळी मी माझ्या हातानं भरली होती. निरोगी गट, नमुना तेवीस. तेवीस म्हणजे अप्पा. माझे वडील मडिवाळप्पा, लातूरचे सरकी पेंडीचे दुकानदार, वय त्र्याहत्तर, आजार काही नाही. असं मीच विचारून घेतलं होतं. "राहू दे," मी म्हणाले, "मी बघते." सुकन्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. माझा आवाज तिला अनोळखी वाटला असावा. मलाही वाटला.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. रक्तात रोगांशी लढणारी प्रथिनं असतात, प्रतिपिंडं. त्यांना साखरेच्या बारीक फांद्या चिकटलेल्या असतात, म्हणून त्यांना ग्लायकोप्रोटीन म्हणायचं. संधिवाताच्या माणसात या फांद्या खुडल्यासारख्या आखूड होतात. किती होतात, केव्हापासून होतात, हे शोधण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. प्रथिनाचे तुकडे करायचे, म्हणजे पेप्टाइड, ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये उडवायचे आणि एकेकाचं वजन करायचं. कधी अख्ख्या प्रथिनाचंच वजन करायचं. लातुरात हे कुणाच्या गळी उतरत नाही. मडिवाळप्पाची पोरगी रक्तातली साखर मोजती, एवढंच गल्लीभर झालंय, आणि मी माहेरी गेले की शेजारपाजारचे आपापले शुगरचे रिपोर्ट घेऊन दारात हजर. मी म्हणते, अहो, ती साखर वेगळी, ही वेगळी. ते म्हणतात, हाव, पण एवढं बघा की. अप्पांना मात्र मी एकदा नीट सांगितलं होतं. हैदराबादला पीएच.डी. करत होते तेव्हा सुट्टीत आलेली, दुकानात त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलेली. "म्हंजे नेमकं करलालीस काय तू तिथं?" "वजन करते, अप्पा. रेणूंचं." "किती भरतंय?" मी सांगायला लागले, दशांशानंतर शून्यं किती ते बोटांवर मोजायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. जरा विचार केला. "मंग आपलाच धंदा की. काटा बारीक हाय एवढंच." लातुरात हुशार पोरीनं डॉक्टर व्हायचं नाकारणं म्हणजे घराला बट्टा, आणि मी तो लावला होता. त्या दुपारनंतर अप्पांनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. कुणी दुसऱ्यानं काढलं तर म्हणायचे, तिचा काटा येगळा हाय.

धडधाकट माणसाच्या रक्तात प्रतिपिंडांच्या असंख्य जाती असतात, प्रत्येकीचं वजन थोडं पुढं-मागं, त्यामुळं आलेखावर सगळ्यांची मिळून एक बुटकी, पसरट टेकडी होते. ती टेकडी मी झोपेतून उठवलं तरी ओळखेन. तेविसाव्या नमुन्यात टेकडी नावापुरती होती आणि तिच्यातून एकच सुळका सरळ वर गेला होता. याचा अर्थ हाडांच्या मज्जेत एक पेशी माजली आहे, तिनं आपलीच पिलावळ वाढवली आहे, आणि ती सगळी पिलावळ एकच एक प्रथिन रक्तात ओतत सुटली आहे. मायलोमा म्हणतात त्याला, रक्ताचा कर्करोग. किंवा मग त्याच्या आधीची पायरी, जी म्हाताऱ्या माणसांत शंभरातल्या तिघा-चौघांत सापडते आणि त्यातल्या बहुतेकांचं काहीच वाकडं करत नाही. हे मी दर वर्षी फळ्यावर काढून शिकवते. मुलं वहीत उतरवून घेतात आणि मी हात झटकून खडू ठेवते.

मी सुकन्याला घरी पाठवलं आणि यंत्र धुवायला घेतलं. आमच्या धंद्यात घाण हा मोठा शत्रू. बोलताना उडालेली थुंकी, केसातला कोंडा, कातडीचा पापुद्रा, काहीही यंत्रात गेलं की ते स्वतःचा आलेख काढून मोकळं होतं, आणि आपण नवा शोध लागला म्हणून नाचत बसतो. आयुष्यभर मी या घाणीच्या नावानं बोटं मोडली. त्या दुपारी ही घाणच असावी म्हणून नुसता नवस बोलायचा बाकी होता. नळ्या बदलल्या, कोरं पाणी सोडून पाहिलं, पाणी स्वच्छ. मग पुन्हा अप्पा सोडले. हो, मनात मी तसंच म्हणाले, अप्पा सोडले. सुळका जागच्या जागी, तितकाच उंच. मी खुर्चीवर बसून राहिले. यंत्राचा पंप घरघरत होता आणि मला एकाएकी त्याचा इतका राग आला की बंद करावा आणि पुन्हा कधी लावूच नये. एवढी परदेशी वारी करून, हातापाया पडून, कमिट्यांपुढं नाक घासून हे यंत्र मी नांदेडला आणलं. ते काय हे सांगायला?

तो नमुना घेतला, ती श्रावणातली गोष्ट होती. साठीच्या पुढचं धडधाकट माणूस शोधायला निघालात तर कळेल, किती दुर्मीळ चीज आहे ती. गुडघा तरी दुखतो, नाहीतर बीपी तरी असतो. मला संधिवाताच्या रोग्यांशी ताडून बघायला त्यांच्याच वयाची निरोगी माणसं हवी होती आणि सापडत नव्हती. मग आठवलं, श्रावणी सोमवारच्या दासोहाला आमच्या घरी सगळं गणगोत जेवायला येतं, उदगीर, निलंग्यापासून. रीतसर परवानगी होती, सह्या होत्या, सगळं होतं. पहाटे उपाशीपोटी एकेकाला बसवून मी रक्त घेतलं. मावश्या आधी लाजल्या, मग त्यांना चढाओढच लागली. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लोकाच्या पोरी माहेराहून लुगडं नेतात, आमची रक्त नेती." अप्पा बाजूला उभे राहून बघत होते. सगळे झाल्यावर पुढं आले. "निरोगीच पाह्यजे का गं?" "हाव अप्पा, निरोगीच. तुम्हाला काही आजार?" "मला काय हुतंय. कंबर धरती. ती तर समद्या गल्लीची धरती." आणि बाही वर सारून हात पुढं केला. तो हात मी धरला तेव्हा शीर पटकन सापडेना. मी दोनदा टोचलं. आता खुर्चीत बसून मला तो हात दिसायला लागला, मनगटापाशी बारीक झालेला, आणि संक्रांतीला गेले तेव्हा मानेपाशी सैल पडलेला शर्ट. तेव्हा मी काय म्हणाले? म्हणाले, अप्पा, बारीक झालात, छान दिसताय.

फोनवर सांगणं शक्यच नव्हतं. काय सांगणार, तुमच्या रक्तात सुळका आहे? मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, बाहेर उन्हाच्या झळा आणि काढणी होऊन उलंगलेली हरभऱ्याची रानं, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. अप्पा, एक छोटी तपासणी करून घेऊ. अप्पा, काही नाही, वयोमानानं होतं. प्रत्येक वाक्य खोटं वाटायचं आणि मी ते खोडून नवीन जुळवायचे. मला वाटत होतं की हे जगात फक्त मला माहीत आहे. माझ्या बापाच्या हाडात काय चाललंय ते त्याला माहीत नाही, अव्वाला माहीत नाही, ही एकटी बाई अहमदपूरच्या स्टँडवर खिडकीतून पेरूवाल्याकडं बघत ते घेऊन बसली आहे. खरं सांगायचं तर त्या ओझ्यात एक अभिमानही होता. मी शोधलं होतं. माझ्या काट्यानं धरलं होतं, वेळेवर धरलं होतं, आता मी त्यांना वाचवणार होते. आयुष्यभर लोक विचारत आले, तुमच्या या कामाचा फायदा काय? आता हा घ्या फायदा. चाकूर येईपर्यंत मी अप्पांना बरंसुद्धा करून टाकलं होतं.

संध्याकाळी पोचले. सांगितलं नाही. अव्वानं अचानक कशी आलीस म्हणून विचारलं, मी म्हणाले, सहज. "सहज कोण येतंय गं उन्हाचं?" एवढं म्हणून ती भाकरी थापायला बसली. अप्पा दुकानातून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, जेवले, पेंडीचा भाव, नात्यातली लग्नं, असलं काहीबाही बोलले. त्यांचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं. बसताना भिंतीचा आधार घेणं दिसत होतं. एकदा दिसायला लागलं की सगळंच दिसायला लागतं. उद्या सकाळी, पूजा झाली की सांगायचं, असं ठरवून मी आडवी झाले.

सकाळी अप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून आसनावर बसले. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून त्यांनी इष्टलिंग काढलं. आमच्यात ते जन्मल्याबरोबर बाळाच्या अंगावर बांधतात आणि मरेपर्यंत ते अंगावरच राहतं, माणसाबरोबर मातीत जातं. दुसऱ्याच्या हाती द्यायचं नसतं, जमिनीवर पडू द्यायचं नसतं. रोज डाव्या तळहातावर घ्यायचं, तळहात छातीसमोर उघडा धरायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं. बस, एवढीच पूजा. देऊळ नको की मध्ये भटजी नको. लहानपणी मी अप्पांची पूजा खांबाला टेकून बघायची, मला त्यांच्या हाताचं नवल वाटायचं. इतका वेळ पसरलेला हात, पण जराही हलायचा नाही. मी स्वतः हे सगळं हैदराबादच्या होस्टेलवर सोडून दिलं, त्याला वर्षं झाली, आणि अप्पांनी त्याबद्दलही कधी विचारलं नाही. आज मी दारात उभी राहून त्यांची पूजा संपायची वाट बघत होते, वाक्य जिभेवर तयार होतं. आणि मला दिसलं, की त्यांचा तळहात उघडा नाही. अंगठा लिंगावर दाबून धरलेला होता, जसं आपण उतारावर भांडं दाबून धरतो तसा. उजवा हात डाव्याच्या खाली गच्च. तरीही बोटं बारीक कापत होती. ते लिंगाकडं बघत नव्हते. त्यांची नजर अंगठ्यावर होती, तो सुटेल की काय म्हणून. सबंध पूजाभर ते नुसतं सांभाळत होते.

पूजा झाली. डबी गळ्यात गेली. मी समोर बसले आणि बसमध्ये जुळवलेल्यातलं एकही वाक्य आलं नाही. म्हणाले, "अप्पा, श्रावणात रक्त घेतलं होतं ना. तुमच्या रक्तात काहीतरी निघालंय." ते माझ्याकडं बघत राहिले. घाबरले नाहीत. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला, उशीर झालेला पाव्हणा शेवटी दारात दिसावा तसा. "निघालं का?" ते म्हणाले. "मला वाटलंच हुतं निघंल म्हणून. लई बारीक काटा हाय तुझा." मला कळेना. मग कळलं. "तुम्हाला माहीत होतं?" "मागल्या सालच्या आदुगर. सोलापूरच्या डॉक्टरनं काढलं शोधून. कंबर लई धरायली म्हणून गेलतो." "आणि अव्वाला?" "पेंड बघायला जातो म्हणलो. दर आठवड्याला इंजेक्शन असायचं पोटाला. घेतलं की चार-पाच महिने." मी म्हणाले, "मग श्रावणात मला रक्त का दिलंत? मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं!" माझा आवाज चढला होता. त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि हळू म्हणाले, "तुला निरोगी माणूस पाह्यजे हुतं. न्हाई म्हणलो असतो, तर तू ‘का’ म्हणून इचारली असतीस. तुझ्या मावश्या बसल्या हुत्या समद्या. मंग दिलो." आणि मग, "तुझं काम बिघडलं का गं?"

माझं काम बिघडलं का! मला हसू आलं की रडू ते सांगता येणार नाही. ज्या माणसाला मी वाचवायला निघाले होते त्यानं माझा आकडा बिघडू नये म्हणून नव्हे, माझी सकाळ बिघडू नये म्हणून आपलं आजारी रक्त निरोगी म्हणून भरून दिलं होतं, दोनदा टोचून घेतलं होतं. आणि मी कसली शोधणार? मी तर सगळ्यात शेवटी पोचले होते. चाकूरपर्यंतचा माझा अभिमान आठवला आणि लाज वाटली, आणि त्या लाजेच्या मागोमाग दुसरी गोष्ट लक्षात आली. चार-पाच महिने घेतलं, म्हणाले. "आणि आता? आता घेताय ना?" त्यांनी डबी सदऱ्याच्या आत सारली. "अप्पा, आता घेताय ना?" "बंद केलो." "का?" त्यांनी डावा हात पुढं केला, तळवा वर करून. "मुंग्या यायल्या. मंग बधिर झाला. ठेवल्यालं कळतच नव्हतं. एक दिशी पूजेत लिंग घरंगळलं, मांडीवर पडलं. खाली जमिनीवर गेलं असतं तर?" त्यांनी हात मिटून मांडीवर घेतला. "डॉक्टरला काय सांगू, लिंग ठरंना म्हणून? म्हणलो, आता नको. तेव्हापून जरा कळायलंय. बोटाला अजून न्हाई."

ते औषध मी ओळखते. माझ्याच गल्लीतलं आहे म्हणा ना. एवढंसं पेप्टाइड, दोनच अमिनो आम्लं आणि टोकाला बोरॉन. ते माजलेल्या पेशीला मारतं आणि जाता जाता हातापायाच्या नसा दुखावतं. ही वर्गात मी एका ओळीत सांगते ती गोष्ट, आणि पुढची ओळही सांगते, की रोग्यानं वेळीच सांगितलं तर डोस कमी करतात, दिवस लांबवतात, औषध बदलतात. रोग्यानं सांगितलं तर. मी ते सगळं भडाभडा बोलून गेले. दुसरी औषधं आहेत, अप्पा, गोळ्या आहेत, हैदराबादला माझ्या ओळखीचे आहेत, अजून वेळ गेलेली नाही. "आन् परत तसंच झालं तर?" ते म्हणाले. मी म्हणाले, "झालं तर झालं! हातावरच्या त्या एवढ्याशा गोष्टीसाठी मरायचं का?" हे म्हटलं आणि जीभ चावली. अप्पा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुला एवढीशी हाय. मला तेवढीच हाय." मग गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, दुकानाची वेळ झाली म्हणून, आणि उठता उठता म्हणाले, "तुझ्या अव्वाला बोलू नको. तिला झोप यायची न्हाई."

मी बसूनच राहिले. म्हणजे आता ही बधिरता माझ्याही वाट्याला येणार होती. मी नांदेडला परत जायचं, तेवीस नंबर गटातून काढायचा, फोनवर कंबर कशी आहे विचारायचं, अव्वा म्हणणार, हाय की तशीच, आणि आम्ही दोघं, बाप-लेक, एकमेकांना सांभाळत राहणार, तोवर एक दिवस फोन येईल. या घरात सगळे असेच एकमेकांना जपतात. मी दुखणी लपवली, हैदराबादचे उपाशी दिवस लपवले, ते त्यांचं लपवतात, आणि ह्याला आम्ही माया म्हणतो. माझं डोकं सणकलं. "अव्वा!" मी ओरडले. अप्पा जागच्या जागी थांबले. "मंजू, नको," म्हणाले. मी पुन्हा ओरडले. अव्वा हात पुसत आली. "काय गं, काय झालं वरडायला? पाल पडली का?" मी म्हणाले, "बस. अप्पांना रक्ताचा कॅन्सर आहे. त्यांना माहीत आहे. सोलापूरला पेंडीसाठी जात नव्हते, इंजेक्शनला जात होते. आता तेही बंद केलंय, कारण त्यानं हात बधिर होतो आणि हातावर लिंग ठरत नाही."

अव्वा बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं अप्पांकडं पाहिलं. पदराचं टोक हातात होतं, ते तसंच राहिलं. मला वाटलं, मी काय केलं हे, ही आता कोसळेल. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण ते तिनं पुसलं नाही. "तरी म्हणलं," ती म्हणाली, "पेंड बघायला गेलेला माणूस घरी आला की अंगाला पेंडीचा वास कसा येत न्हाई." मग तिचा आवाज फुटला. "एवढ्यासाठी बंद केलाव? हात ठरंना म्हणून?" अप्पांनी मान खाली घातली. ती पुढं आली, खाली बसली, त्यांचा डावा हात ओढून घेतला आणि त्याच्या खाली स्वतःचा पालथा हात घातला, मग उलटा केला, त्यांचा हात तिच्या तळव्यावर विसावेल असा. पिठाचा हात होता. "ह्यो धरते की मी खाली. रोज धरते. मला कळतंय की हाताला. घरंगळलं तर माझ्या हातात ऱ्हाईल, खाली कशाला जाईल? एवढं एक तोंडानं सांगता येईना तुम्हाला? मंग लगीन कशाला केलाव?"

दुकानाची किल्ली अप्पांच्या उजव्या हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली. डावा हात तसाच राहू दिला. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, शेजारच्या बाईनं अव्वाला हाक मारली, कुणी ओ दिली नाही. मग अप्पांनी घसा साफ केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "डॉक्टर गुरवारी असतोय."